ब्रह्मगिरीची एकदिवसीय पदयात्रा : भाविकांसाठी पूर्वतयारी व मार्गदर्शन

॥ श्री ॥



सिल्वासा व परिसरातील अनेक मराठी कुटुंबे वर्षातून एकदा तरी श्रीक्षेत्र त्र्यंबकेश्वरास जातात. ज्योतिर्लिंगाचे दर्शन आणि कुशावर्तावरील स्नान झाले की पाठीशी उभ्या असलेल्या ब्रह्मगिरीकडे नजर जाते व वर जाण्याची इच्छा होते. ही इच्छा स्तुत्य आहे. तथापि ब्रह्मगिरी हे तीर्थ असले तरी तो सह्याद्रीतील एक उंच डोंगरही आहे, याचे भान पुष्कळदा सुटते. दर्शनाच्या रांगेतून थेट डोंगरावर, उपाशीपोटी, पायात साधी चप्पल आणि हातात पाण्याची लहान बाटली, अशा स्थितीत चढणारे भाविक तेथे नेहमी दिसतात. यात्रेची ओढ आणि तिची तयारी ह्यांची सांगड कशी घालावी, ह्याचे मार्गदर्शन एके ठिकाणी उपलब्ध व्हावे म्हणून आम्ही प्रस्तुत लेख देत आहोत.

स्थानमाहात्म्य

गौतम ऋषींनी गोहत्येच्या पातकातून मुक्त होण्यासाठी ब्रह्मगिरीवर तप केले. प्रसन्न झालेल्या भगवान शंकरांनी आपली जटा ह्या पर्वतावर आपटली व गंगा प्रकट झाली, अशी कथा आहे. माथ्यावरील जटामंदिर ह्याच कथेचे स्मारक होय. गंगा प्रथम माथ्यावर मूळगंगेच्या स्थानी प्रकटली, तेथे गुप्त होऊन डोंगराच्या मध्यावर गंगाद्वारी पुन्हा दिसली आणि अखेर पायथ्याशी गौतमांनी कुशावर्तात तिला अडविले, अशी श्रद्धा आहे. येथून निघालेली गोदावरी १४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. ह्याच डोंगररांगेतून पश्चिमेस जाणारी वैतरणा अरबी समुद्रास मिळते.

वारकरी संप्रदायासही हा पर्वत वंदनीय आहे. विठ्ठलपंत सहकुटुंब ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ समोर आला, सर्वांची पांगापांग झाली आणि वाट चुकलेल्या निवृत्तिनाथांना गुहेत गहिनीनाथांचा अनुग्रह लाभला, ही कथा आपण जाणतोच. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरीच आहे. वाट चुकणे त्यांना फळले. परंतु आपण त्या भरवशावर राहू नये, म्हणून पुढील माहिती.

डोंगराचे स्वरूप

ब्रह्मगिरीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १२९५ मीटर आहे. त्र्यंबक गाव मुळातच उंचावर असल्याने गावापासून माथ्यापर्यंतची प्रत्यक्ष चढण सुमारे ५५० मीटर भरते. हाच इतिहासातील त्र्यंबकगड होय. १८१८ मध्ये पेशवाईच्या अखेरीस तो इंग्रजांच्या हाती गेला. गड म्हणून निवडलेली जागा चढावयास सोपी असणार नाही, हे उघडच आहे.

गावातून निघाल्यावर खालच्या टप्प्यात वाटेला दोन फाटे फुटतात. एक वाट गंगाद्वाराकडे जाते. तेथे सुमारे सातशे पायऱ्या असून गंगेचे स्थान आणि जवळच गोरखनाथांची गुहा आहे. दुसरी वाट माथ्याकडे जाते. तिच्यावर आधी पायऱ्या व पायवाट, नंतर कातळात खोदलेल्या अरुंद व उंच पायऱ्या आणि शेवटी मोकळे पठार लागते. पठारावर सावली फारशी नाही आणि वारा जोराचा असतो. मूळगंगा व जटामंदिर गाठण्यासाठी पठारावरून आणखी चालावे लागते, हे अनेकांस ठाऊक नसते. पायऱ्या संपल्या म्हणजे यात्रा संपली असे समजून तेथेच सगळे पाणी व शक्ती खर्च करू नये.

यात्रेचा काळ

१. कार्तिक ते माघ (साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी) हा सर्वांत अनुकूल काळ. पहाटे थंडी असते. माथ्यावर गावापेक्षा तीन-चार अंश तापमान कमी असते व वाऱ्यामुळे ते अधिकच जाणवते.

२. चैत्र-वैशाखात कातळ तापतो. जावयाचेच असेल तर सूर्योदयास चढण सुरू करून दहाच्या आत उतरणीला लागावे.

३. आषाढ-श्रावणात डोंगर रमणीय दिसतो, पण पायऱ्यांवर शेवाळ असते, धुके दाटते आणि दरडी कोसळण्याचे भय असते. श्रावणी सोमवारी, विशेषतः तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीस, प्रचंड गर्दी लोटते. ही फेरी पर्वताभोवतीची सुमारे २० किलोमीटरची प्रदक्षिणा आहे. माथ्यावर चढणे हा तिच्याहून वेगळा विषय असून दोन्ही एकाच दिवशी करू नयेत.

४. पुढील सिंहस्थ पर्वातील प्रमुख स्नाने २०२७ मध्ये नियोजित आहेत. त्या काळात वाहतूक व प्रवेशाचे नियम वारंवार बदलतात. निघण्यापूर्वी चौकशी करावी.

सोमवार, सुट्ट्या व पर्वणीचे दिवस टाळल्यास ज्योतिर्लिंगाचे दर्शनही शांतपणे होते. एरवी रांगेत कित्येक तास जातात व डोंगरासाठी राखलेला वेळ तेथेच संपतो.

प्रवास व वेळापत्रक

सिल्वाशाहून जव्हार-मोखाडा मार्गे, तोरंगण घाटातून त्र्यंबकेश्वरास जाता येते. रस्ता बव्हंशी डोंगराळ असल्याने साडेतीन ते चार तास धरावेत. पहाटे चारला निघाल्यास आठच्या सुमारास पोहोचता येते. मात्र गाडीत अवघडून बसलेले पाय घेऊन लगेच चढू नये. ज्येष्ठांनी आदल्या संध्याकाळी त्र्यंबक येथे मुक्कामास जाणे अधिक चांगले.

चढणीस किती वेळ लागेल ह्याचा अंदाज बांधण्याची एक जुनी रीत आहे. स्कॉटलंडमधील गिर्यारोहक नेस्मिथ ह्यांनी १८९२ मध्ये ती सांगितली : दर पाच किलोमीटर चालीस एक तास आणि दर ६०० मीटर चढणीस आणखी एक तास. माथ्यापर्यंतचे एका बाजूचे अंतर चार किलोमीटर धरले तर ह्या हिशेबाने पावणेदोन तास होतात. पण हा हिशेब सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. आपल्या मंडळींत साठीचे आजोबा असतात तशी दहा वर्षांची नातवंडेही असतात. म्हणून त्यात निम्मा वेळ मिळवावा, म्हणजे चढणीस अडीच तासांहून थोडे अधिक.

मुक्कामी मंडळींसाठी वेळापत्रक असे सुचवितो :

सकाळी ६.३० : अल्पोपाहार करून गावातून प्रस्थान
सकाळी ९.१५ : माथा, दर्शन व विश्रांती
सकाळी १०.३० : परतीची वेळ
दुपारी १२.३० ते १.०० : गावात परत, भोजन, विश्रांती
त्यानंतर : कुशावर्त व मंदिरातील दर्शन

त्याच दिवशी सिल्वाशाहून आलेल्यांनी ८.३० ला चढण सुरू करून १२ ही परतीची वेळ धरावी. ठरलेल्या वेळी जेथे असू तेथून मागे वळावयाचे, माथा पाच मिनिटांवर दिसत असला तरी. हा नियम कठोर वाटेल. परंतु उशिरा सुरू झालेली उतरण घाईची होते, आणि घाईत थकलेले पाय कातळातील पायऱ्यांवर घसरतात. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, हेही लक्षात असावे.

सहा आठवड्यांचा सराव

आपले सिल्वासा सखल प्रदेशात आहे. येथे दिवसभर कारखान्यात वा कचेरीत काम करणाऱ्यास चढणीची सवय नसते. त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. दमणगंगेचा काठ आणि राहत्या इमारतीचा जिना एवढे पुरे.

पहिला व दुसरा आठवडा : आठवड्यातून पाच दिवस रोज अर्धा तास सपाट रस्त्यावर झपाझप चालावे. चालताना बोलता आले पाहिजे; बोलताना धाप लागली तर वेग कमी करावा.

तिसरा व चौथा आठवडा : चालणे पाऊण ते एक तास. शिवाय एक दिवसाआड चार मजली इमारतीचा जिना तीन ते पाच वेळा चढून उतरावा.

पाचवा व सहावा आठवडा : जिन्याच्या फेऱ्या हळूहळू पंधरापर्यंत न्याव्यात. ज्या पादत्राणांनी यात्रा करावयाची तीच घालून व पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन सराव करावा. निघण्यापूर्वीचे दोन दिवस विश्रांती.

चार मजली इमारतीची उंची साधारण १२ मीटर व पायऱ्या ऐंशीच्या आसपास असतात. म्हणजे नऊ फेऱ्या म्हणजे गंगाद्वाराच्या पायऱ्या झाल्या, आणि माथ्याची चढण भरून येण्यास पंचेचाळीसहून अधिक फेऱ्या लागतील. पंधरा फेऱ्या सहज होत असतील तर एकतृतीयांश ब्रह्मगिरी घरीच झाला. उरलेला विसावे घेत होतो. पाच फेऱ्यांतच छाती भरून येत असेल, तर त्या वर्षी गंगाद्वारापर्यंतच जाण्याचे ठरवावे. आपली शक्ती घरच्या जिन्यावर कळणे हे डोंगराच्या मध्यावर कळण्यापेक्षा केव्हाही बरे.

प्रकृती व औषधे

हृदयविकार, रक्तदाब, दमा, मधुमेह, गुडघेदुखी असलेल्यांनी तसेच पन्नाशी ओलांडलेल्या व चालण्याची सवय नसलेल्या सर्वांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याखेरीज माथ्याचा बेत करू नये. नित्याची औषधे यात्रेच्या दिवशीही चुकवू नयेत. दम्याचा पंप सामानात गाडीत न ठेवता जवळ बाळगावा. आपल्या व्याधीची व औषधांची नावे कागदावर लिहून खिशात ठेवावीत आणि गटप्रमुखास ती आधी सांगावीत.

आपल्याला नेणार नाहीत ह्या भीतीने ज्येष्ठ मंडळी दुखणे लपवितात, हे आम्ही जाणतो. त्यांना आमची विनंती अशी, की आपण सांगितल्यास बेत बदलता येतो. न सांगितल्यास मध्यावर सर्वांचाच बेत मोडतो आणि जिवावरही बेतू शकते.

चढताना छातीत दाब वा दुखणे, डाव्या हातात, जबड्यात अथवा पाठीत कळ, थंड घाम, अंधारी ह्यांपैकी काहीही जाणवल्यास तेथेच बसावे. 'थोडे थांबून पुढे जाऊ' असे म्हणू नये. रुग्णाला चालत उतरवू नये. १०८ अथवा ११२ ह्या क्रमांकावर तत्काळ साहाय्य मागावे. उन्हाने डोके दुखणे, मळमळ व बडबड सुरू झाल्यास सावलीत नेऊन अंग ओल्या कपड्याने पुसावे व वारा घालावा.

उपवास आणि अनवाणी चालण्याचा नेम

ह्या दोन गोष्टींविषयी आमच्याकडे सर्वाधिक विचारणा होते, म्हणून स्पष्ट लिहितो.

निर्जळी उपवास करून डोंगर चढू नये. सोमवार वा एकादशीचा नेम असल्यास फराळ व पाणी घेऊन चढावे : खजूर, केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, ताक, सैंधव घातलेले लिंबू सरबत. मधुमेहासाठी इन्सुलिन वा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी यात्रेच्या दिवशी उपवासच करू नये. चढणीच्या श्रमाने साखर वेगाने उतरते. हात थरथरणे, घाम, गोंधळ ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी साखर किंवा गूळ ताबडतोब द्यावा. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

अनवाणी चढण्याचा नेम असल्यास तो देवस्थानाच्या आवारापुरता ठेवावा. तापलेला कातळ, काटे व फुटलेल्या बाटल्यांच्या काचा ह्यांना नेमाची ओळख नसते. मधुमेह्यांच्या तळव्यास जखम झालेली कळतही नाही.

बरोबर काय असावे

- प्रत्येकी दोन ते तीन लिटर पाणी. डोंगरावर पाणी मिळेल असे धरून चालू नये. ब्रह्मगिरीच्या अंगावरील मेटांत, म्हणजे गडाच्या जुन्या चौक्यांच्या ठिकाणी वसलेल्या वाड्यांत राहणाऱ्यांना उन्हाळ्यात स्वतःसाठीही पाणी दुरून आणावे लागते. गोदेच्या उगमाशी राहूनही त्यांची ही स्थिती आहे. त्यांच्या हंड्यावर आपण भार टाकू नये.
- क्षारसंजीवनीची पाकिटे. नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ.
- खाचा असलेल्या तळाचे, वापरून सैल झालेले बूट व सुती मोजे. नवे बूट त्या दिवशी प्रथम घालू नयेत.
- सैल सुती कपडे. भगिनींनी शक्यतो पंजाबी पोशाख, साडीच असल्यास घोट्याच्या वर खोचून. टोपी वा उपरणे, हिवाळ्यात एक स्वेटर.
- काठी. उतरताना गुडघ्यांचा भार ती हलका करते.
- विजेरी, शिट्टी, पट्टी, कापूस, जंतुनाशक मलम, नित्याची औषधे.
- पूजेचे साहित्य मोजके : थोडी फुले, अक्षता, हळदकुंकू. दोन्ही हात मोकळे राहतील अशी पाठीवरची पिशवी असावी. प्लॅस्टिकच्या पिशव्या नेऊ नयेत. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यांच्यावर बंदी आहे.

वाटेवरील शिस्त

१. गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा असावा. त्या व्यक्तीस पुढे ठेवावे व शेवटी एक अनुभवी कार्यकर्ता असावा. दर फाट्यावर थांबून मोजणी करावी.

२. अरुंद पायऱ्यांवर वरून येणाऱ्यास आधी वाट द्यावी. तेथे बसू नये, छायाचित्रासाठी थांबू नये, कड्याच्या टोकाशी जाऊ नये.

३. पायऱ्यांवर नारळ फोडू नयेत, तेल सांडू नये. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळील मांढरदेवी येथे यात्रेच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविकांचा मृत्यू झाला. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या हे त्या दुर्घटनेच्या सांगितल्या गेलेल्या कारणांपैकी एक आहे. आपला भक्तिभाव मागून येणाऱ्याच्या पायाखाली येणार नाही, हे पाहणेही भक्तीच आहे.

४. वानरे पुष्कळ आहेत. प्रसाद व खाऊ पिशवीच्या आत ठेवावा, त्यांना हाताने भरवू नये, दात दाखवू नयेत.

५. कड्यांवर आग्या मोहोळ असू शकते. धूर, उदबत्तीचे जुडगे व उग्र अत्तर टाळावे. माशा उठल्यास हात न झाडता डोके-तोंड झाकून दूर जावे.

६. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, घट्ट आवळू नये, मंत्रतंत्रात वेळ दवडू नये. रुग्णास स्थिर ठेवून जेथे प्रतिविष उपलब्ध असेल त्या रुग्णालयात न्यावे.

७. निर्माल्य व कचरा परत आणावा. उगमाच्या कुंडात काहीही टाकू नये.

यथाशक्ति

अखेर एक मुख्य गोष्ट. माथा न गाठता परतावे लागले तर संकल्प अपुरा राहतो काय, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो आणि त्याच भयाने माणसे शक्तीबाहेर चढतात. आमचे उत्तर असे आहे, की कोणत्याही पूजेच्या संकल्पात आपण 'यथाशक्ति' हा शब्द उच्चारतो. तो पळवाट म्हणून ठेवलेला नाही. आपल्या शक्तीचे खरे मोजमाप करून तेवढेच पूर्ण मनाने करावे, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

आणि ह्या क्षेत्राची कथाही हेच सांगते. गंगा माथ्यावर प्रकटली, पण तेथेच राहिली नाही. ती मध्यावर गंगाद्वारी आली, पुढे पायथ्याशी कुशावर्तात आली. ज्याचे पाय माथ्यापर्यंत पोहोचतात त्याला मूळगंगा, ज्याला सातशे पायऱ्या झेपतात त्याला गंगाद्वार आणि ज्याला एकही पायरी चढवत नाही त्याला कुशावर्त. दर्शन तिन्ही ठिकाणी त्याच गोदामाईचे. ज्यांना डोंगरावरच्या देवस्थानाचीच ओढ आहे, त्यांच्यासाठी वणीच्या सप्तशृंगगडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीची सोय झाली आहे.

म्हणून घरातील तरुणांस विशेष विनंती, की आईवडिलांना 'एवढे आलात तर वर चलाच' असा आग्रह करू नये. आणि ज्येष्ठांना विनंती, की 'माझ्यामुळे सर्वांचा खोळंबा नको' म्हणून एकट्याने मागे वळू नये. परतणाऱ्याबरोबर एकजण परतलाच पाहिजे. जितके वर गेलो तितकेच सर्व सुखरूप खाली आलो, तेव्हाच यात्रा सुफळ झाली असे समजावे.

विश्वस्त व सभासदांनी ह्या लेखाची प्रत काढून यात्रेस निघणाऱ्या प्रत्येक गटप्रमुखाजवळ द्यावी, ही विनंती. सर्व भाविकांची यात्रा निर्विघ्न पार पडो, हीच श्रीचरणी प्रार्थना. कळावे, लोभ असावा.

आपले विनम्र,
सचिव, विश्वस्त मंडळाकरिता
सिल्वासा